उर्वशीची किळस

सानगडीत खुशालच्या उर्वशीला किळस येत नाही अशी एक तरी वस्तू शोधून दाखवा, असं तिची आई रुखमा आल्यागेल्याला सांगत असे. दुधावरची साय दिसली की उर्वशीचं तोंड वाकडं व्हायचं. लग्नाच्या पंगतीत कोणाच्या वरणात बुंदी सांडलेली पाहिली की ती जेवण टाकून उठायची. एसटीच्या खिडकीखाली तंबाखूच्या खर्‍याच्या पिचकाऱ्यांचे ओघळ वाळलेले असले, तर रिकामी सीट सोडून साकोलीपर्यंत उभी जायची. "ह्या पोट्टीले सारंच घान वाटते," रुखमा म्हणायची, "सासरी कसं होईन हिचं?"

रुखमाचं निदान चुकलेलं होतं. म्हैस व्याली आणि वार पडेना, तेव्हा कोपरापर्यंत माखून गुरांच्या डॉक्टरला हात लावायला उर्वशीच पुढे झाली होती. आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांची ओकारी तिनं नाकाला पदर न लावता काढली. गोठा, उकिरडा, तलावाच्या काठचा कुजका गाळ, यातल्या कशाचंही तिला काही वाटत नव्हतं. तिला किळस यायची ती गोड, चिकट, बोटांना लागून राहणाऱ्या गोष्टींची, आणि माणसं तशी वागू लागली की जास्तच. पण हा फरक घरात कोणाच्या ध्यानात आला नाही आणि तिला तो कधी नीट सांगताही आला नाही.

बी.ए. झाल्यावर ती घरी बसली. मग नागपूरच्या मावसबहिणीनं निरोप धाडला, की तिच्या ओळखीच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसायला मुलगी हवी आहे, मुलाखत राखीनंतर आहे, इंग्रजीत बोलता आलं पाहिजे. खुशाल भाताच्या चार बांध्यांचा धानकरी माणूस. त्यानं दोन दिवस विचार केला आणि म्हणाला, "इंग्रजी शिकून घे. बोलता आलं त जा नागपूरले. नाही आलं त धान कापून झाल्यावर पाहुने पाह्यचे." पाहुणे म्हणजे मुलगी बघायला येणारे. उर्वशीनं त्याच आठवड्यात साकोलीचा क्लास लावला. नागपूर किंवा पाहुणे, मध्ये तिसरं काही नव्हतं.

घनश्याम सरांचा क्लास एका कृषी केंद्राच्या माडीवर होता. जिन्यात खताचा आणि फवारणीच्या औषधाचा उग्र दर्प यायचा आणि वर गेलं की सरांच्या सेंटचा. उर्वशीला जिन्यातला दर्प बरा वाटायचा. सरांची शिकवण्याची तऱ्हा न्यारी होती. व्याकरण नाही, पाठांतर नाही, नुसती गाणी. टेबलावर स्पीकर ठेवून ते इंग्रजी गाणं लावायचे, एकेक ओळ थांबवायचे, त्यातला शब्द फळ्यावर लिहायचे आणि डोळे मिटून त्याचा अर्थ सांगायचे. "फीलिंग आली की फ्लुएन्सी येते," हे त्यांचं ब्रीद. गाणी मात्र सगळी प्रेमभंगाची. उर्वशीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "सर, आनंदाचं एखादं नाही का?"

"आनंदात माणूस किती शब्द वापरतो गं?" सर म्हणाले. "हॅपी. व्हेरी हॅपी. संपलं. व्होकॅब्युलरी सगळी दुःखात असते."

आणि खरं सांगायचं तर ती तऱ्हा लागू पडत होती. शाळेत बारा वर्षं ज्या इंग्रजीनं अंगाला हात लावू दिला नाही, ती गाण्याच्या चालीवर घरात आली. भांडी घासताना उर्वशीच्या तोंडी 'लोनली' यायचं, म्हशीला पाणी दाखवताना 'ब्रोकन', 'फॉरगॉटन', 'बिट्रेड'. समोर दुसरं कोणी नसल्यामुळे ती म्हशीशीच इंग्रजीत बोलायची आणि म्हैस कान हलवून ऐकून घ्यायची. जीभ वळू लागली. नागपूर जरा जवळ आल्यासारखं वाटू लागलं.

पण गाणी वाढत गेली तसं तिला एक खटकायला लागलं. प्रत्येक ओळ 'आय'नं सुरू व्हायची. मी रडलो, मी जळलो, मी वाट पाहिली, मी मेलो. आणि जिच्यामुळे हे सगळं झालं म्हणे, ती बाई एकाही गाण्यात तोंड उघडायची नाही. ती नुसती जायची. कडव्यामागून कडवं ती जातच होती आणि हा मागे बसून स्वतःच्या गळ्यात पडून रडत होता. तिला काय म्हणायचं होतं, हे कोणी विचारल्याचं कुठल्याच गाण्यात नव्हतं. उर्वशीला सायीची आठवण व्हायची.

त्याहून वाईट होता तो 'फीलिंग अवर'. शनिवारी प्रत्येकानं उभं राहून, शिकलेले शब्द वापरून, स्वतःचं दुःख सांगायचं. सर मोबाईलवर चित्रण करायचे आणि चांगलं दुःख क्लासच्या पेजवर टाकायचे. पोलीस भरतीत धावताना पाय मुरगळून बाहेर पडलेला एक मुलगा बिचारा खरं बोलायला उभा राहिला. सरांनी त्याला मध्येच बसवलं. "ते हार्टब्रेक नाही बेटा, ते डिसअपॉइंटमेंट. लव्हवर ये." तेव्हापासून सगळे लव्हवर आले. शेजारच्या बाकावरची डिंपल, जिची सोयरीक चांगली सुखानं जुळलेली होती आणि जी होणाऱ्या नवऱ्याशी जिन्यात तास तास बोलत उभी असायची, तिनं एक मेलेला प्रियकर तयार केला आणि त्याच्या नावानं इतकी रडली की सरांनी स्वतःचा रुमाल दिला. क्लास सुटल्यावर खाली हॉटेलात तिनं दोन समोसे खाल्ले. समोशाबद्दल उर्वशीची तक्रार नव्हती. पण रडून खरखरीत झालेल्या त्याच आवाजात तिनं जास्तीची चटणी मागितली, तेव्हा उर्वशी आपला चहा तसाच सोडून उठली.

मृग लागला आणि क्लासात भुपेंद्र आला.

भुपेंद्र सानगडीचाच. बापाची राइस मिल, त्यामुळे हाताला काम नाही आणि बुडाखाली गाडी. होळीच्या दुसऱ्या दिवशी त्यानं उर्वशीला मेसेज केला होता, की तू मला आवडतेस, तुझ्या मनात काय आहे सांग. उर्वशीनं सरळ उत्तर दिलं होतं, 'माझ्या मनात तसं काही नाही. पुन्हा विचारू नको.' त्यानं पुन्हा विचारलं नाही. मुलगा समजूतदार आहे असं तिला वाटलं आणि ती ते विसरूनही गेली. त्या दोघांमध्ये घडलं म्हणायचं तर एवढंच.

दुसऱ्याच शनिवारी भुपेंद्र उभा राहिला. केस कपाळावर ओढलेले, आवाज आधीच भरून आलेला. "आय वॉज ट्रू," तो म्हणाला. "आय गेव्ह एव्हरीथिंग. शी ब्रोक माय हार्ट. शी प्लेड विथ मी." नाव त्यानं घेतलं नाही. नुसतं उर्वशीच्या बाकाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. वर्गातली सगळी डोकी त्या दिशेनं वळली. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "एक्सलंट! फीलिंग बघा, फीलिंग!" टाळ्या पडल्या.

उर्वशीला राग नंतर आला. आधी आली ती किळस. आपल्या अंगावर कोणीतरी पाकात बुडवलेला हात फिरवतंय आणि भोवतालचे लोक त्याचं कौतुक करताहेत, असं तिला वाटलं.

"बिच्चारा," डिंपल जिन्यात म्हणाली. "तू बी ना, उर्वशी."

"मी काय केली?"

"मले काय मालूम? पन कोनी उगाच रडते काय?"

उर्वशी परत वर गेली. सर चित्रण पुन्हा पाहत होते. "सर, भुपेंद्र बोलला तसं काहीच झालेलं नाही," ती म्हणाली. "त्यानं विचारलं, मी नाही म्हटलं. तेवढंच."

सरांनी मान वर केली नाही. "अगं, त्याचं सेंटेन्स करेक्ट आहे ना? मला तेवढंच बघायचं असतं. खरं-खोटं कोर्टात." मग त्यांना काहीतरी सुचलं आणि ते एकदम ताठ बसले. "असं कर ना! पुढच्या शनिवारी तू तुझी बाजू सांग. रडत सांग. व्हाय आय लेफ्ट हिम. दोन्ही व्हिडिओ जोडून टाकू, धूम होईल!"

उर्वशी त्या माणसाच्या चमकणाऱ्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "सर, किळस येते, त्याला इंग्रजीत काय म्हणतात?"

"किळस?" सर विचारात पडले. "गाण्यात नाही येत गं तो शब्द. तू सॅड म्हण."

शब्द तिनं एसटीत बसून मोबाईलवर शोधला. डिसगस्ट. दोनतीनदा हलकेच म्हणून पाहिला. तो म्हणताना ओठ आपोआप थुंकल्यासारखे व्हायचे, ते तिला पटलं. इतक्या गाण्यांत इतकी माणसं रडून गेली आणि ह्या शब्दाची गरज कोणालाच पडली नाही, याचं तिला नवल वाटलं.

पुढे ते दुःख साकोलीहून सानगडीला आलं. भुपेंद्र रोज स्टेटस ठेवू लागला. तलावाच्या पाळीवर पाठमोरा उभा असलेला भुपेंद्र, मागे मावळता सूर्य आणि वर इंग्रजी ओळी. फसवलेला, मोडलेला, तरीही प्रेम करणारा भुपेंद्र. गावातल्या पोरांना अर्थ पुरता कळत नव्हता, पण रोख बरोबर कळला होता. उर्वशी बसस्टँडवर गेली की कोणीतरी मोबाईलवर तेच गाणं लावायचं आणि मोठ्यानं सुस्कारा टाकायचं.

आणि खुशाल? खुशालच्या मोबाईलमध्ये भुपेंद्रचा नंबर होता, धान मिलवर न्यायचा म्हणून. सकाळी चहा पिता पिता तो सगळ्यांची स्टेटसं बघायचा. सूर्य दिसतो, हृदयाचं चित्र दिसतं, इंग्रजीत चार ओळी आहेत, म्हणजे सुविचार असणार अशी त्याची समजूत. तो प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवायचा. देवाच्या स्टेटसला पाठवायचा तसंच. आपल्या पोरीला दगाबाज ठरवणाऱ्या प्रत्येक ओळीला बापानं असे भक्तिभावानं हात जोडले होते.

शेवटी पानठेल्यावर कोणीतरी हसत हसत त्याला अर्थ सांगितला. खुशाल घरी आला तो सरळ आत आला, चपला घालूनच.

"रोवना लागला का क्लास बंद," तो म्हणाला. "नागपूर-बिगपूर काही नाही."

उर्वशीनं होळीपासूनचं सगळं सांगितलं. मोबाईल काढून तो मेसेजही दाखवला. खुशालनं तो वाचला, पण त्याच्या कपाळावरची आठी गेली नाही. "हे त मराठीत हाय," तो म्हणाला. "तो रोज इंग्रजीत लिवून रायला. काही त असन. इंग्रजीत कोनी खोटं लिवते काय?"

उर्वशीला हसू आलं नाही. तिला ते समजत होतं. त्या घरात आजवर इंग्रजीत जे जे आलं, दवाखान्याचा रिपोर्ट, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, मोटारीवरची पाटी, ते सगळं खरं निघालं होतं. मराठीत माणसं बोलतात, आणि बोलणारा माणूस काय वाटेल ते बोलतो. इंग्रजीत छापलेलं असतं. बापाच्या त्या भाबड्या विश्वासाचा तिला राग येईना. पण त्या विश्वासावर पाय देऊन उभा असलेला तो कपाळावर केस ओढलेला मुलगा आठवला की तिला अन्न जाईना. त्या दिवशी रुखमानं भाकरीवर साय घातली नव्हती तरी ती ताटावरून उठली.

पऱ्हे वाढले, पाऊस बरा झाला, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला. साकोलीची गाडी उर्वशीला न घेता जाऊ लागली. ती बायांच्या रांगेत उभी राहिली. पोटरीपर्यंत चिखल, कंबरेत वाकलेली, डाव्या हातात रोपांची पेंडी आणि उजव्या हातानं चार-पाच रोपांची एकेक चूड चिखलात रोवत मागे सरकायचं. रांगेच्या टोकाला सुंदरबाई. ती सगळ्या गावच्या रोवण्याला जायची, तिच्या गाण्यावर बाकीच्यांचे हात चालायचे. तिच्या गाण्यांतही रडणं होतंच. सासर होतं, न आलेला भाऊ होता. पण एकीनं ओळ म्हटली की दुसरी तिला उलट जबाब द्यायची, तिसरी टोमणा मारायची, आणि दुःख एकीच्या घशात अडकून न बसता रांगभर फिरून यायचं. चिखलात उर्वशीला फार दिवसांनी मोकळा श्वास आला.

खुशालच्या शेवटच्या बांधीत शेवटची पेंडी सुटली तो बोजाऱ्याचा दिवस. रोवणा संपला की बाया मालकाकडे गोडाधोडाचं जेवण मागतात, एकमेकींना चिखल माखतात आणि त्या दिवशी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जो कोणी जाईल त्याला अडवतात. अडलेल्यानं काहीतरी दिल्याशिवाय सुटायचं नाही. ही रीत जुनी आहे, तिथं सरपंचाचीही सुटका होत नाही. खुशाल बायांसाठी चहाची केटली घेऊन धुऱ्यावर उभा होता.

तेवढ्यात पाळीवरून भुपेंद्र उतरला. पांढराशुभ्र शर्ट, हातात मोबाईलची काडी. हिरवंगार धान, मागे वाकलेल्या बाया, पुढे आपण, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. किंवा उर्वशी त्या रांगेत आहे हे त्याला ठाऊक असावं. त्यानं मोबाईल उभा केला, गाणं लावलं, कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि खांदे पाडले.

"बोजारा!" सुंदरबाई ओरडली. बाया चिखल उडवत धुऱ्याकडे धावल्या आणि बघता बघता त्याच्याभोवती कडं झालं.

भुपेंद्रनं घाईघाईनं खिशात हात घातला. "घ्या न, मावशी."

"पैसे ठेव आपल्यापाशी," सुंदरबाई म्हणाली. "हे गानं सांग. रोज लावून रायला तू. काय म्हनते ते?"

"इंग्लिश हाय, मावशी. हार्टब्रेकचं."

"म्हंजे?"

"म्हंजे... दिल टूट गया."

बाया खिदळल्या. "अगा माय! कोनं तोडलं?"

भुपेंद्रनं मान खाली घातली आणि डोळे तेवढे उचलून उर्वशीकडे पाहिलं. क्लासात पाहिलं होतं तसंच, अगदी तेवढंच. ती तिरकी, दुखावलेली, सरावलेली नजर. बायांचीही डोकी वळली. केटली धरून उभ्या असलेल्या खुशालचंही वळलं.

उर्वशी कंबर सरळ करून उभी राहिली. हातातला चिखल तिनं झटकला नाही. "लाव, ते गानं," ती म्हणाली. "मी सांगते मावशीले."

त्यानं लावलं नाही. सुंदरबाईनंच चिखलाचं बोट काचेवर दाबलं आणि गाणं पुन्हा सुरू झालं. 'आय लेड माय हार्ट अपॉन युवर डोअर, यू स्वेप्ट इट आउट विथ मॉर्निंग डस्ट.'

"म्हनते," उर्वशी मोठ्यानं म्हणाली, "मी माह्यं काळीज तुह्या दारात आनून ठेवलो, आन् तू सकाळी झाडता झाडता केरासंग बाहेर लोटली."

मग सुंदरबाईनं विचारलं, "हिले इचारून ठेवला होता काय?"

"मावशी, ते गाण्यात हाय..."

"गान्यातलं नाही, तुह्यं इचारून रायली मी. न इचारता दारात आनून टाकलं, त झाडनच ना मा बाई. पूजा करन काय त्याची?"

हसण्याचा असा लोट उठला की झाडावरचे बगळे उडाले. भुपेंद्रचे कान लाल झाले. "मी विचारलो होतो," तो म्हणाला. "मेसेज केलो होतो."

"मंग? ते काय म्हनली?"

"नाही म्हनली."

"मंग जुळलं कई?"

भुपेंद्र काडीवरून मोबाईल काढू लागला.

"सांग ना. चार दिवस जुळलं होतं? दोन दिवस?"

"नाही."

"जुळलंच नाही," सुंदरबाई म्हणाली, आता तिचा आवाज हसत नव्हता, "त तुटलं काय रे, बाबा? रोज रोज कायचं सुतक पाळून रायला तू?"

"यू पीपल डोन्ट अंडरस्टँड फीलिंग्ज!" भुपेंद्र ओरडला.

बायांनी उर्वशीकडे पाहिलं. "म्हनते, तुमाले भावना समजत नाही," तिनं सांगितलं.

सुंदरबाई पुढे झाली आणि रीतीप्रमाणे त्याच्या कपाळावर चिखलाचा टिळा ओढला. फार नाही, एक बोट. तो टिळा नाकावरून ओघळला आणि पांढऱ्या शर्टावर पडला. "शर्ट!" भुपेंद्र किंचाळला. तो बोटांनी ते पुसायला गेला आणि डाग हातभर पसरला. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. क्लासात इतक्या शनिवारांत आलं नव्हतं तसं, खरंखुरं. उर्वशीनं ते पाहिलं आणि तिला जी शिसारी आली तिच्यात आता भीती उरली नव्हती. अशाच पाण्यापायी तिचं नागपूर हातचं जाणार होतं.

तो गाडी सुरू करून गेला. खुशाल अजून तिथंच उभा होता, केटलीतला चहा गार झालेला. बायांना चहा देऊन तो घरी गेला आणि बोजाऱ्याच्या जेवणात वाढायलाही बाहेर आला नाही.

दिवेलागणीला उर्वशी पाय धुऊन ओसरीत आली, तेव्हा तो मोबाईल घेऊन बसला होता. "पोरी," तो म्हणाला, "मी त्या पोट्ट्याले जे हात जोडलो होतो ना, ते वापस कसे घ्याचे?"

उर्वशी त्याच्याजवळ बसली. "ते नाही येत वापस, बाबा. स्टेटस गेलं आपोआप."

"आन् माह्ये हात?"

"ते त्याच्याकडं रायले."

खुशालनं आपले तळवे दिव्याकडे धरून पाहिले. चिखलात आणि मातीत भेगाळलेले ते हात. उर्वशीला त्याच्याकडे पाहवेना. मग तो म्हणाला, "उद्यापासून क्लासले जाय."

"क्लास नोको. तिथं मले ओकारी येते. मुलाखतीले जाते, सरळ."

"बोलता येईन?"

"येईन. म्हशीसंग बोलते मी रोज."

आतून रुखमा हसली. खुशाल हसला नाही. तो पडद्यावर बोट फिरवत काहीतरी शोधत होता. "ते घान वाटते, अंगावर काटा येते, त्याले इंग्रजीत काही शबद हाय काय?"

"हाय."

"मंग माह्या स्टेटसले ठेव. मोठ्या अक्षरात. मराठीत नोको. इंग्रजीतच ठेव, लोकं खरं मानतेत."

तिनं काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत ठेवलं, 'आय ॲम डिसगस्टेड'. खुशालनं ते हाताच्या अंतरावर धरून पाहिलं, खाली आपलं नाव आणि गाव टाकायला लावलं, आणि मगच मोबाईल ठेवला.

राखी झाल्यावर ती मुलाखतीला गेली आणि नागपूरला लागली. दवाखान्यात घाण असतेच, पण रुखमाला काळजी वाटते तसं काही होत नाही. ती सगळी पुढची गोष्ट. स्टेटस ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खुशाल चहा पीत होता आणि मोबाईल एकसारखा वाजत होता. भुपेंद्रनं स्टेटस पाहिलं होतं आणि खुशालचा नंबर ब्लॉक करून टाकला होता. बाकी गावातल्या यच्चयावत म्हाताऱ्यांनी, सोसायटीच्या अध्यक्षापासून मंदिराच्या पुजाऱ्यापर्यंत, त्या ओळीला हात जोडले होते.